झिजलेला टायर हलका असतो: टायरच्या वजनाचा हिशोब

गेल्या वेळच्या प्रश्नोत्तरांत एक प्रश्न राहून गेला होता: टायर बदलताना हलका टायर शोधून घेतला तर गाडी खरंच पळते का? आज त्याचं उत्तर देऊ. आम्ही दोघं हे व्याख्यान मिळून देतो. एकाचं गॅरेज आहे, दुसरा पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, त्यामुळे थोडी ग्रीसची आणि थोडी खडूची भाषा ऐकायची तयारी ठेवा.

सुरुवात आमच्या एका स्नेह्यांपासून करू. त्यांच्या छोट्या गाडीला १८५/६५ आर १५ मापाचे टायर. पाच वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, त्यांनी चारही बदलले. कंपनी तीच, माप तेच. आठवड्याने आले ते तक्रार घेऊनच. "अहो, गाडी मेली हो! पिकअप गेला, मायलेज पडलं. जुनेच बरे होते, परत बसवा." जुने टायर कोपऱ्यात पडलेलेच होते. आम्ही जुना आणि नवा काट्यावर ठेवला. जुना सव्वा किलोने हलका भरला. म्हणजे त्यांना जाणवलं ते खोटं नव्हतं. पण मग जुने परत बसवायचे का?

आधी हे वजन नेमकं काय करतं ते बघू. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी धाव असते. तेच लोखंड आसाजवळ असतं, तर चाक फिरवायला सोपं गेलं असतं. वजन केंद्रापासून जितकं लांब, तितकं ते फिरवायला आणि थांबवायला अवघड. टायरचं बरंचसं वजन असंच बाहेरच्या कडेला असतं: रस्त्याला टेकणारं जाड रबर आणि त्याखालचे स्टीलचे पट्टे.

आता गणित. गाडी ताशी ६० किलोमीटरने जाते तेव्हा टायरच्या कडेचा प्रत्येक कण आसाभोवतीही ताशी ६०नेच फिरतो. म्हणजे कडेच्या एक किलो वजनाला इंजिन दोनदा ऊर्जा देतं, एकदा पुढे न्यायला आणि एकदा गोल फिरवायला. म्हणून वेग वाढवताना टायरच्या कडेचा एक किलो हा डिकीतल्या जवळजवळ दोन किलोंइतका भरतो. रिमचं तसं नाही. १५ इंची रिमची कड केंद्रापासून १९ सेंटिमीटरवर, तर टायरची ३१ सेंटिमीटरवर. त्यामुळे रिमचा एक किलो साधारण १.४ किलोंइतकाच जड पडतो.

"चाकाचा एक किलो म्हणजे गाडीचे दहा किलो" असं तुम्ही ऐकलं असेल. वेग वाढवण्यापुरतं बोलायचं तर हे खरं नाही. दुपटीच्या वर हा आकडा जात नाही.

आमच्या स्नेह्यांचा हिशोब लावा. सव्वा किलो गुणिले चार म्हणजे पाच किलो. दुप्पट धरले तरी दहा. माणसांसकट गाडी १,००० किलोंची धरली तर फरक १ टक्का. शून्य ते १०० ला १२ सेकंद लागत असतील, तर आता आठवा भाग सेकंद जास्त लागेल. आणि एकदा वेग पकडून सपाट रस्त्यावर गाडी एकसारखी चालली की फिरत्या वजनाचा हा तोटा उरतच नाही.

मग गाडी "मेली" कशाने? वजनापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच होती. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिलिमीटर, त्यांच्या जुन्याची २ उरली होती. म्हणजे नव्या टायरची त्रिज्या ६ मिलिमीटरने, म्हणजे जवळपास २ टक्क्यांनी मोठी. टायर मोठा झाला की गाडीचा गिअर तितकाच लांब होतो आणि पिकअप थोडा मंद वाटतो. शिवाय चाकाच्या एका फेरीत गाडी २ टक्के जास्त अंतर जाते, पण मीटर फेऱ्या मोजतो. त्यामुळे मीटरवर किलोमीटर कमी दिसतात आणि मायलेजही कागदावर तितकं कमी निघतं. जाड रबर रस्त्यावर दबताना थोडी ऊर्जा खातं, तो भाग मात्र खरा तोटा आहे.

आता वजन खरोखर कुठे महाग पडतं ते सांगतो. पुष्कळ जण हौसेने १७ इंची जाड अलॉय आणि रुंद टायर टाकतात. समजा प्रत्येक चाकाला रिम ४ किलोंनी आणि टायर २ किलोंनी वाढला. वरच्या पद्धतीने चार चाकांचे जवळजवळ ३८ किलो होतात. सातवी-आठवीतलं एक मूल मागच्या सीटवर कायमचं बसवल्यासारखं! छोट्या इंजिनाला हे कळतं.

पण त्याहून जास्त ते खड्ड्यात कळतं. चाक, ब्रेक, हब हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं. ते एका कोपऱ्यात ३० किलो धरा. गाडीच्या १,००० किलोंत ६ किलो काहीच नाहीत, पण या तिसांत ते २० टक्के आहेत. जड चाक उसळलं की स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बरला ते पुन्हा रस्त्यावर दाबायला वेळ लागतो. तेवढा वेळ टायर रस्त्याला नीट टेकलेला नसतो. आणि टेकलेला नसेल तर ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते.

म्हणजे हलका टायर चांगलाच की! थांबा. हलका कशामुळे झाला, हे विचारायला हवं. टायरमधलं वजन फुकट बसलेलं नसतं. जाड बाजूची भिंत खड्ड्याचा मार सोसते. ती पातळ असेल तर आतले धागे तुटून टायरला फुगा येतो. स्टीलच्या पट्ट्यांवर नायलॉनचा थर असेल तर तो वेगात पट्ट्यांना धरून ठेवतो. खोल नक्षी पाणी बाजूला सारते. यातलं काहीही काढलं की टायर हलका होतो. आणि सगळ्यात हलका टायर कुठला? झिजलेला. कोपऱ्यात पडलेला होता तो.

त्याची किंमत कुठे मोजावी लागते, बघा. ताशी ८०ने जाताना पावसात कडक ब्रेक मारला. चांगल्या टायरची पकड ०.७ धरू, झिजलेल्याची ०.५. पहिली गाडी सुमारे ३६ मीटरांत थांबते, दुसरी ५०. मधले १४ मीटर म्हणजे तीन मोटारींहून जास्त लांबी. तिथे पुढच्या ट्रकचं मागचं फळकूट असू शकतं, किंवा रस्ता ओलांडणारं कुणी. चाकांचं वजन या अंतरात जवळपास येतच नाही, कारण फिरतं चाक थांबवायला ब्रेक पुरेसा असतो. गाडी किती मीटरांत थांबणार हे पकड ठरवते.

म्हणून दुकानात गेल्यावर क्रम असा ठेवा. आधी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवरचं माप. मग भार क्रमांक: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५. पट्टीवर आहे त्याच्या खाली जाऊ नका, मग टायर कितीही हलका मिळो. त्यानंतर वेगाचं अक्षर: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. मग ओल्या रस्त्यावरची पकड. केंद्र सरकारने २०२२ मध्ये या पकडीचे, घर्षणात वाया जाणाऱ्या ऊर्जेचे आणि आवाजाचे निकष अधिसूचित केले आहेत, तेव्हा माहिती मागायला लाजू नका. बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्काही वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

एवढं जुळल्यावर दोन टायर सारखे वाटले, तर मग वजन बघा. सामान तोलायचा हाती काटा खुशाल घेऊन जा. त्याच मापात किलोभर हलका मिळाला तर तोच घ्या. वजन शेवटी बघायचं, पहिल्यांदा नाही.

आमच्या स्नेह्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गाडी मेली नाही, मीच वाचलो." जुने टायर आम्ही त्यांच्यासमोरच कापून भंगारात दिले, कुणी पुन्हा बसवू नयेत म्हणून.

आता तुमचे प्रश्न घेऊ.