द्रावक जेव्हा हायड्रोजन देतो

शालेय विज्ञानात द्रावकाची ओळख साखर-पाण्याच्या उदाहरणाने होते. साखर विरघळते, पाणी तिला सामावून घेते. त्यामुळे द्रावक हा अभिक्रियेचा तटस्थ साक्षीदार असतो, असा समज मनात रुजतो. कोळशापासून इंधनतेल काढण्याचा इतिहास पाहिला की तो टिकत नाही.

जर्मनीत कोळसा विपुल, खनिज तेल मात्र तुटपुंजे. फ्रीडरिश बेर्गियुस यांनी 1913 च्या सुमारास उच्च दाबाखाली हायड्रोजन वापरून कोळशाचे तेल करण्याची पद्धत शोधली. 1927 मध्ये लॉयना येथे कारखाना सुरू झाला, 1931 मध्ये कार्ल बॉश यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. (पुढे युद्धकाळात अशा काही कारखान्यांत छळछावण्यांतील कैद्यांना राबवले गेले, हे इतिहासाच्या शिक्षकाला वगळता येत नाही.) त्याच देशात पॉट आणि ब्रोश यांनी टेट्रालिनयुक्त द्रावकात कोळसा विरघळवण्याची पद्धत विकसित केली.

कोळसा सुमारे 400 अंश सेल्सिअसच्या वर तापवला की त्यातील मोठे रेणू तुटतात आणि तुटल्या टोकाशी एकटा इलेक्ट्रॉन उरतो. अशा तुकड्याला मुक्त मूलक म्हणतात. त्याला हायड्रोजनचा अणू मिळाला तर तो स्थिर होतो. तुकडा साध्या कार्बन-साखळीचा असेल तर अल्केन बनतो, म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या कुळातलाच पदार्थ. हायड्रोजन न मिळाल्यास तुकडे एकमेकांना चिकटतात आणि हाती घट्ट कोक उरतो.

हा हायड्रोजन कोण देतो? हेक्झेन या अल्केनच्या रेणूत 14 हायड्रोजन आहेत, टेट्रालिनच्या रेणूत 12. तरीही सहज देणारे टेट्रालिनच. हेक्झेनच्या साखळीतील कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला प्रतिमोल सुमारे 410 किलोज्यूल ऊर्जा लागते. टेट्रालिनमध्ये बेंझीन वलयाला लागून असलेल्या कार्बनवरचा बंध 350 च्या आसपासच तुटतो, कारण मागे उरणारा एकटा इलेक्ट्रॉन वलयभर विखुरतो. रसायनशास्त्रातला हा दाता निःस्वार्थी नव्हे! चार हायड्रोजन देऊन तो स्वतः अधिक स्थिर अशा नॅप्थॅलिनमध्ये बदलतो. घरोघरी कपड्यांच्या पेटीत ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या पूर्वापार याच पदार्थाच्या.

नॅप्थॅलिन वायाही जात नाही. निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात त्याला हायड्रोजन दिला की त्याचे पुन्हा टेट्रालिन होते आणि ते कोळशाच्या पुढच्या घाण्यासाठी वापरता येते.