खरी लढाई जॉब कार्डावर

नवी गाडी सहा महिन्यांत चौथ्यांदा वर्कशॉपला गेली की घरात एकच मागणी सुरू होते: ‘आता दुरुस्ती नको, गाडीच बदलून द्या.’ ज्याने आठ-दहा लाख मोजले, पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतले, त्याला ही मागणी सरळ न्यायाची वाटते. शोरूमवाला मात्र वॉरंटीची पुस्तिका उघडतो. त्या पुस्तिकेत गाडी बदलून देण्याचं वचन कुठेही नसतं. मालात किंवा बनावटीत दोष निघाला तर तो भाग आमच्या खर्चाने दुरुस्त करू किंवा बदलू, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. दुरुस्त करायचा की बदलायचा, हे ठरवण्याचा हक्कही बहुतेक वेळा कंपनीने स्वतःकडेच ठेवलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात हीच भूमिका घेतली. वॉरंटी सदोष भागापुरती असेल, तर त्या भागापायी अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हापासून अशा तक्रारींत कंपनीचा वकील हाच निकाल आधी पुढे करतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. भाग बदलूनही तोच दोष परत येत असेल, किंवा दोष गाडीच्या बनावटीतच असेल, तर ग्राहक आयोग गाडी बदलून द्यायला किंवा किंमत व्याजासह परत करायला लावू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. अडचण असते ती दोष मूळचा आहे हे दाखवण्याची. आणि तो पुरावा आयोगात जाण्याच्या किती तरी आधी, सकाळी साडेनऊला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तयार होतो किंवा वाया जातो.

तिथे काय होतं ते पाहा. ग्राहक सांगतो, ‘घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी हिसके देते, दोनदा भर रस्त्यात बंद पडली, मागून ट्रक येत होता.’ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ऐकून घेतो, मान हलवतो, संगणकावर टाइप करतो आणि छापील जॉब कार्ड सहीसाठी पुढे सरकवतो. त्यावर असतं: ‘जनरल चेकअप. पिकअप कमी.’ मागे चार जण उभे असतात, ऑफिसला उशीर होत असतो, ग्राहक सही करतो. संध्याकाळी गाडी नेताना दुसरी सही होते, ती ‘काम समाधानकारक झाले’ या ओळीखाली. दोन वर्षांनी हे कागद आयोगासमोर येतात तेव्हा ‘भर रस्त्यात बंद पडली’ हे वाक्य कुठेच सापडत नाही. समाधान मात्र ग्राहकाच्याच सहीने नोंदलेलं असतं.

म्हणून सही करण्याआधी कार्ड वाचा. तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. इंजिन गार असताना की तापल्यावर, कुठल्या वेगाला, चढावर की सपाटीवर, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागला, हे सगळं त्यात यायला हवं. संगणकात तेवढी जागा नाही असं सांगितलं, तर छापील प्रतीवर पेनाने लिहा आणि दोन्ही प्रतींवर लिहा. किलोमीटरचा आकडा बरोबर टाकलाय का तेही बघा. गाडी परत घेताना अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून फेरी मारा. आवाज तसाच असेल तर सहीच्या वर ‘ट्रायल घेतली, दोष कायम’ असं लिहा. त्याला कोणी मनाई करू शकत नाही. कार्डाचा फोटो तिथेच काढा.

वॉरंटीत बदललेल्या भागांचं शून्य रुपयांचं बिल अनेक जण मागतच नाहीत, कारण पैसे द्यायचे नसतात. तेच सर्वांत मोलाचं असतं. एकच इंजेक्टर किंवा एकच स्टिअरिंग असेंब्ली वर्षात तीनदा बदलल्याचं कंपनीच्याच बिलावर असलं, तर ‘किरकोळ तक्रार होती’ हा बचाव फार तग धरत नाही. याच कारणासाठी ‘पाच मिनिटांचं काम आहे, कार्ड कशाला उघडायचं, असंच करून देतो’ या आपुलकीला नम्रपणे नाही म्हणा. कार्ड उघडलं नाही तर ती फेरी कागदोपत्री झालीच नाही. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांना तर हा अनुभव रोजचा आहे. स्कूटर आठवडाभर अडकवून ठेवतात, परत देताना ‘अपडेट टाकलाय’ एवढंच सांगतात, आणि कसला अपडेट, कशासाठी, याची ओळही हातात पडत नाही. अशा वेळी त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा: गाडी कधी दिली, कधी मिळाली, काय केल्याचं सांगितलं, काय शिल्लक आहे. उत्तर नाही आलं तरी चालेल, तारीख पडली पाहिजे.

वॉरंटीत न बसणाऱ्या गोष्टींवर भांडणात शक्ती घालवू नका. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीबाहेर असतात. टायर आणि बारा व्होल्टच्या बॅटरीची हमी बहुधा ती बनवणाऱ्यांची असते. बाहेरून म्युझिक सिस्टिम किंवा दिवे बसवताना वायरिंग कापलं असेल, किंवा ठरलेली सर्व्हिसिंग चुकवली असेल, तर कंपनी तेच कारण पुढे करणार हे धरून चाला.

आता पुराव्याचा अवघड भाग. कंपनी म्हणते, ‘गाडी चाळीस हजार किलोमीटर चालली, मग उत्पादनातला दोष कसला?’ याला आयोगांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. काही ठिकाणी वारंवारच्या जॉब कार्डांवरूनच दोष सिद्ध झाल्याचं मानलं गेलं, काही ठिकाणी तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून तक्रार फेटाळली गेली. म्हणून सुरुवातीलाच तज्ज्ञ तपासणीचा अर्ज देणं शहाणपणाचं. कलम ३८ खाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगितली जाऊ शकते. फियाटच्या एका मोटारीबाबत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग धरला. स्वतंत्र तंत्रज्ञाकडून तपासणी करा, आणि दोष मूळचाच निघाला तर गाडीची किंमत आणि भरलेला वाहनकर व्याजासह परत करा, असं सांगितलं.

या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०२२ चा ह्युंदाईच्या क्रेटाचा निकाल. ऑगस्ट २०१५ मध्ये घेतलेल्या गाडीला नोव्हेंबर २०१७ मध्ये अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडकेचा जोर एअरबॅग उघडण्याइतका नव्हता, असा बचाव घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. एअरबॅग आहेत म्हणून गाडी घेणाऱ्या माणसाने वेग आणि बल यांचं गणित मांडावं, पदार्थविज्ञानात तज्ज्ञ असावं, ही अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा राज्य आयोगाचा आदेश कायम राहिला. दोष इतका उघड असेल की वस्तूच त्याची साक्ष देते, तिथे ग्राहकाकडे आणखी तांत्रिक अहवाल मागणं अन्यायाचं आहे. हे तत्त्व एअरबॅगपुरतं राहू नये, चालत्या रस्त्यात बंद पडणाऱ्या इंजिनालाही ते लागू व्हायला हवं.

तक्रारीत कंपनी आणि डीलर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, पण कोणावर कुठला आरोप आहे हे वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने २००९ चं मॉडेल २०११ चं म्हणून दिलं, आणि गाडी आधीच ६२२ किलोमीटर चाललेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्या जबाबदारीतून मोकळं केलं. डीलर गाडी कंपनीकडून विकत घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर विकतो, त्यामुळे कंपनीला माहीत होतं किंवा तिचा हात होता हे दाखवल्याशिवाय डीलरची लबाडी तिच्या माथी मारता येत नाही, असा त्याचा अर्थ. विक्रीतली फसवणूक डीलरची, बनावटीतला दोष कंपनीचा, आणि दुरुस्तीतला हलगर्जीपणा कोणाचा, ते कागद ठरवतील.

तुम्ही कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ आहात का, हा आक्षेपही हमखास येतो, कारण व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. स्वतः रिक्षा किंवा टेम्पो चालवून पोट भरणारा मात्र ग्राहकच आहे, कारण स्वयंरोजगाराचा अपवाद कायद्यातच आहे. तो तक्रारीत शब्दशः लिहावा लागतो. कंपनीच्या नावावर घेतलेली पण संचालकाने स्वतःसाठी वापरलेली मर्सिडीज व्यापारी कारणासाठी नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं.

जे हवं ते सगळं तक्रारीत मागा. जनरल मोटर्सच्या एका गाडीच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २५ लाखांची दंडात्मक भरपाई लावली होती. ती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण तशी मागणीच तक्रारीत नव्हती.

बाकीची वाट तुलनेने सोपी झाली आहे. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगात जाते, आणि ती तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला किंवा चेन्नईला असलं म्हणून लातूरच्या माणसाला तिकडे जावं लागत नाही. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांची मुदत पाळा. ‘बघतो, कळवतो’ अशी कंपनीची ईमेल येत राहिली म्हणून मुदत वाढत नाही.

आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा. तिथे आदेश मिळत नाही, पण आकडे साठतात आणि त्यांचा उपयोग होतो. ओला इलेक्ट्रिकविरुद्ध वर्षभरात या हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. दोष सुरक्षेशी संबंधित असेल तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडेही कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२१ पासून सुरू आहे.

वेळेचं मात्र चित्र वाईट आहे. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात वर्षं जातात. सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेल्या एका बीएमडब्ल्यूचा वाद, तोही फौजदारी मार्गाने, जुलै २०२४ मध्ये संपला आणि सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख द्यायला लावले. महागडी गाडी, मोठे वकील, तरी पंधरा वर्षं. स्कूटरवाल्याने एवढा धीर कुठून आणायचा? अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९८२ मध्येच यासाठी कायदा केला. ठरावीक मुदतीत एकच दोष चारदा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, की तिथे गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करणं कंपनीवर येतं. आपल्याकडे असं एक गृहीतक कायद्यात आलं, तर निम्म्या तक्रारी आयोगाची पायरी चढण्याआधीच मिटतील, असं मला ठामपणे वाटतं. ज्या राज्यात पिंपरी-चिंचवड, चाकण आणि नाशिकला गाड्या बनतात, ज्या राज्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथून ही मागणी जोरात उठायला हवी.

वाद चालू असताना कर्जाचे हप्ते थांबवू नका. गाडी सदोष आहे हे बँकेला हप्ता न देण्याचं कारण होत नाही, आणि थकबाकी झाली तर तीच बाब तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. मध्यस्थीचा पर्याय आयोगाने सुचवला तर ऐकून घ्या. वॉरंटीची मुदत वाढवून, मुख्य भाग बदलून आणि रोख भरपाई घेऊन मिटलेली तडजोड कधी कधी दहा वर्षांच्या खटल्यापेक्षा बरी असते.

जिल्हा आयोगात जिंकलात तर कंपनी ४५ दिवसांत अपील करू शकते, पण आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग तिला आधी भरावा लागतो. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ आली तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते, आणि हा अर्ज पडला की चेक लवकर निघतात. किंमत परत मिळायची असेल तर गाडी परत द्यावी लागेल, म्हणून वाहनकर, नोंदणी आणि विम्याचा खर्चही मागणीत घातलेला असू द्या. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. ते भरून, पोच घेऊन मगच किल्ली द्या.