झोपडीचे गाणे आणि महालाचा पहारा

गाणे किती गाजले हे मोजण्याची सोय जुनीच आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि कोणते हिंदी गाणे कितव्या पायरीवर, हे चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही सांगू लागला. परंतु आपल्या भागात अतिशय खोल रुजलेले एक गाणे अशा कोणत्याच पायरीवर चढले नाही. ते म्हणजे तुकडोजी महाराजांचे ‘या झोपडीत माझ्या’.

महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. वडील शिवणकाम करीत. घरात दारिद्र्य आणि शिक्षण बेताचे. शब्द त्यांचे, गळा त्यांचा आणि हातात खंजिरी. १९३६ साली गांधीजींकडे ते सेवाग्रामी राहून गेले. १९४२ साली त्यांना तुरुंग घडला.

हे गाणे पसरले कसे? त्याची बांधणीच पाहा. प्रत्येक कडव्यात तीन लहान चरण यमकाने जुळतात आणि चौथा चरण दर वेळी तोच, झोपडीचा. एकाने तीन म्हणावेत, चौथा साऱ्या मंडळीने उचलावा. अक्षरओळख नसलेला माणूसही दुसऱ्या कडव्यापासून गाऊ लागतो. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांतून ते गावोगाव गेले. पुढे शाळेच्या पुस्तकात आले आणि पोराबाळांना पाठ झाले.

आता माझ्या धंद्यातली शंका. गिरणीच्या फाटकावर पगारवाढ मागणाऱ्या माणसाला हे गाणे ‘आहे त्यात सुख मान’ असे तर सांगत नाही ना? आमच्या चळवळीतील काही मित्र तसे म्हणतात आणि मालकमंडळींनाही हा अर्थ गोड वाटत असावा. मला तो पटत नाही. कवी महालाकडे खरोखर जातो आणि तेथे त्याला मज्जाव होतो. महालाला पहारे आहेत, तिजोऱ्या आहेत, तरी चोऱ्या होतातच! झोपडीला मात्र दाराला दोरीही नाही. कोणीही यावे, कोणीही जावे. हे दारिद्र्याचे कौतुक नव्हे, फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलेला जाब आहे. भुईवर पडून तारे पाहण्याचे सुख कवी सांगतो खरे, पण आषाढात गळक्या छपराखाली झोपणाऱ्याला तारे दिसत नाहीत, हे महाराजांना कोणी शिकवायला नको होते.

म्हणून हे गाणे एकटे वाचू नये. त्यांच्याच ग्रामगीतेत गरिबी-श्रीमंतीवर अध्याय आहे, श्रमसंपत्तीवर आहे, आणि संघटनशक्तीवरही आहे. आमच्या सभेत कोणी झोपडीचे गाणे म्हटले, की मी त्यानंतर तो संघटनेचा अध्याय वाचायला लावतो. म्हणणारे कुरकुरतात, कारण त्याला तशी चाल नाही.