ऑटोव्हॅक्यूम ओळी मोजतो, वजन नाही

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एखादी ओळ बदलली, तरी जुनी ओळ पुसली जात नाही. नवी प्रत वेगळी लिहिली जाते, जुनी तिथेच पडून राहते. 1980 च्या दशकात बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर यांच्या चमूने इतिहास जपण्यासाठी अशी रचना केली होती. टेबल पूर्वी कसं होतं, हे चक्क विचारता यायचं! ती सोय 1997 मध्ये गेली. जुन्या प्रती मात्र अजूनही साठतात आणि त्या उचलतो ऑटोव्हॅक्यूम.

तो साधारण दर मिनिटाला डोकावतो. टेबलातल्या ओळींच्या 20 टक्के, अधिक 50, एवढ्या मेलेल्या ओळी, म्हणजे जुन्या प्रती, साठल्या की कामाला लागतो. ओळ किती जड, हे तो विचारतच नाही.

आता जड ओळीचं काय होतं पाहा. पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं आणि ओळ दोन पानांवर पसरू शकत नाही. म्हणून ओळ 2 केबीच्या वर गेली, की मोठा मजकूर आधी दाबला जातो. तरीही मावला नाही, तर त्याचे जेमतेम 2,000 बाइटांचे तुकडे होऊन ‘टोस्ट’ नावाच्या आडच्या टेबलात जातात. मूळ ओळीत उरतो 18 बाइटांचा पत्ता! समजा ओळीत एक पीडीएफ आणि एक तारीख आहे. पीडीएफला हात न लावता नुसती तारीख बदललीत, तर नवी ओळ तोच पत्ता घेते. तुकडे जागचे हलत नाहीत.

पण पीडीएफच बदलत असेल तर? 1 एमबीचे सुमारे सव्वापाचशे तुकडे, आणि टोस्टमध्ये प्रत्येक तुकडा म्हणजे एक ओळ. अशा दहा लाख पीडीएफचे साडेबावन्न कोटी. त्यांचे 20 टक्के मरेपर्यंत 200 जीबीहून जास्त कचरा साठतो. 2025 च्या 18व्या आवृत्तीत 10 कोटी ओळींची कमाल मर्यादा आली, पण ती इथल्या 20 टक्क्यांच्या जवळपासच असल्याने तिने फारसं काही साधत नाही.

टोस्टला स्वतःच्या सेटिंग देता येतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. त्याचा स्केल फॅक्टर (वरचे 20 टक्के) शून्य आणि थ्रेशोल्ड (वरचे 50) एक लाख ठेवा. दर 200 एमबी कचऱ्याला सफाई सुरू होईल. उशीर महागात पडतो, कारण मोकळी झालेली जागा पुन्हा वापरली जाते, पण फुगलेली फाइल सहसा आकसत नाही.

आणि सेटिंगला हात लावण्याआधी, कुठे जुनं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलंय का ते बघा. ते बंद होईपर्यंत, ते सुरू झाल्यानंतर मेलेल्या ओळी ऑटोव्हॅक्यूमला उचलताच येत नाहीत.