पुढचे गाणे कोण निवडतो?
मोबाईलवरील संगीत आणि दुकानदाराचा हिशेब

कॅसेटचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कॅसेटवाल्याचे दुकान आठवत असेल. गिऱ्हाईक नुसरत फतेह अली खान यांची कॅसेट मागायला येई आणि जाताना साबरी बंधूंचीही घेऊन जाई. कारण दुकानदार म्हणे, "भाईजान, ते आवडते ना? मग हेही ऐकून बघा. नाही आवडले तर उद्या बदलून न्या." माल तर चार दुकानांत तोच होता. पण कोणाला काय आवडेल याची पारख ज्याच्याकडे होती, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येई.

आज ती दुकाने बहुतेक बंद झाली आहेत. टेलरमास्टर सकाळी मशीनवर बसतो, मोबाईल स्पीकरला जोडतो आणि एक कव्वाली लावतो. ती संपली की दुसरी आपोआप सुरू होते, मग तिसरी. ही दुसरी आणि तिसरी कोणी निवडली? कशाच्या आधारावर? आणि त्यात कोणाचा फायदा? व्यापारी माणसाने हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

माल वाढला, निवड अवघड झाली

सीडीवर आवाजाची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजणी होते. त्यामुळे एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० एमबी जागा लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी कानाला ज्याचा फरक जाणवत नाही तो भाग गाळण्याची रीत बसवली. १९९५ साली तिच्या फाईलला 'एमपी३' हे नाव मिळाले. त्या रीतीने तेच एक मिनिट सुमारे १ एमबीत मावू लागले. १९९७ साली विनॅम्प आले आणि संगणकावर गाणी ऐकणे सर्वांच्या आवाक्यात आले.

पुढे गाणे विकत घेण्याऐवजी इंटरनेटवरून ऐकण्याची सोय झाली. स्वीडनमधील स्पॉटिफाय २००८ साली सुरू झाले आणि २०१९ साली भारतात आले. त्याच्या साठ्यात आज १० कोटींहून अधिक गाणी आहेत. एक गाणे चार मिनिटांचे धरले, तर रात्रंदिवस ऐकूनही साडेसातशे वर्षे पुरतील. इतक्या मालात गिऱ्हाईक हरवून जाते. म्हणून गाणे विकण्यापेक्षा गाणे सुचवणे हाच मोठा धंदा झाला.

यंत्राला पारख कशी येते?

यात जादू नाही, वहीखात्याचाच हिशेब आहे. समजा, मोहल्ल्यातील एका मोठ्या दुकानात १,००० गिऱ्हाइके येतात. त्यातील ९०० जण साखर घेतात आणि ६० जण सुरमा घेतात. अत्तर घेणारे ५० आहेत. या ५० पैकी ४५ जण साखर घेतात आणि ३० जण सुरमा घेतात.

वरवर पाहता अत्तरवाल्याला साखर दाखवावी असे वाटेल. पण साखर तर शंभरातील ९० जण घेतातच. अत्तरवालेही शंभरात ९०च आहेत. त्यातून त्यांची आवड काहीच कळत नाही. सुरम्याचे तसे नाही. एरवी शंभरात फक्त ६ जण तो घेतात, पण अत्तरवाल्यांत ६० घेतात, म्हणजे दहापट! तेव्हा अत्तराच्या गिऱ्हाइकापुढे सुरमा ठेवावा.

संगीताचे सॉफ्टवेअर हाच हिशेब कोट्यवधी ऐकणाऱ्यांवर करते. चालू हिट गाणे म्हणजे साखर. तुमच्यासारखी आवड असलेल्यांनी ऐकलेली, पण तुम्ही अजून न ऐकलेली कव्वाली म्हणजे सुरमा. १९९४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'रिंगो' नावाची अशी सोय होती. लोक ई-मेलने कलावंतांना १ ते ७ गुण पाठवत आणि त्यांना नवी नावे सुचवली जात. आता गुण मागावे लागत नाहीत. तुम्ही गाणे पूर्ण ऐकले, मध्येच पुढे ढकलले की पुन्हा लावले, यावरून यंत्र स्वतःच गुण देते.

दुसरी रीत मालच तपासण्याची. अमेरिकेतील पँडोरा कंपनीने जाणकार संगीतकार बसवून एकेका गाण्याचे लय, वाद्ये, आवाज असे शेकडो गुणधर्म नोंदवून घेतले. आता हे काम बरेचसे संगणक करतो. नव्या कलावंताला या रीतीचा उपयोग होतो. कारण ज्याचे गाणे अजून कोणी ऐकलेलेच नाही, त्याच्याबद्दल पहिल्या रीतीला काहीच ठाऊक नसते.

मांडणीच्या जागेचे भाडे

आता तिसरा प्रश्न, फायद्याचा. दुकानात डोळ्यासमोरच्या फळीवर माल लागावा म्हणून कंपन्या दुकानदाराला जादा सूट देतात, हे आपल्याला नवे नाही. गाण्यातही तेच आहे. स्पॉटिफायने २०२० साली 'डिस्कव्हरी मोड' ही योजना जाहीर केली. कलावंत किंवा त्याची कंपनी एखाद्या गाण्यावर कमी मानधन घ्यायला तयार झाली, तर आपोआप वाजणाऱ्या गाण्यांत त्या गाण्याला झुकते माप मिळते. टेलरमास्टरच्या स्पीकरवरचे दुसरे-तिसरे गाणे नेमके इथूनच आलेले असू शकते, आणि ऐकताना ते ओळखू येत नाही.

याचा अर्थ यंत्र खोटे बोलते असा नाही. तुम्हाला अगदीच न आवडणारे गाणे लावून त्याचा फायदा नाही, कारण तुम्ही ते बंद कराल. पण सारख्याच आवडीच्या दोन गाण्यांत कोणते पुढे येईल, हे ठरवताना त्याच्या गल्ल्याचाही विचार असतो. कॅसेटवालाही जास्त नफ्याची कॅसेट पुढे करीत असेल. फरक एवढाच की त्याचा चेहरा आपल्याला वाचता येत होता.

काय सांभाळावे?

एक, दुकानाचा आणि घरचा मोबाईल एकच असेल, तर मुलांची बालगीते आणि तुमच्या गझला एकाच खात्यावर चढतात आणि यंत्राचा हिशेब बिघडतो. खाती वेगळी ठेवा. स्पॉटिफायमध्ये 'प्रायव्हेट सेशन' सुरू करून मुलांना मोबाईल द्या. आपोआप पुढचे गाणे लागण्याची सोय सेटिंगमध्ये बंदही करता येते.

दोन, इंटरनेटचा खर्च मोजा. १२८ केबीपीएस दर्जाला तासाला सुमारे ५८ एमबी लागतात, ३२० केबीपीएसला १४४. रोज आठ तास, महिन्याला २६ दिवस ऐकले, तर पहिल्यात १२ जीबी आणि दुसऱ्यात ३० जीबी जातात. शिलाई मशीनच्या आवाजात हा फरक कोणाला ऐकू येणार? दर्जा कमी ठेवा.

तीन, भाड्याचे आणि मालकीचे यातला फरक ओळखा. वर्गणी भरून ऐकलेले, किंवा ॲपमध्ये उतरवून घेतलेलेही गाणे तुमचे होत नाही. वर्गणी थांबली की तेही बंद. विकत घेतलेल्या सीडी, घरच्या समारंभाचे रेकॉर्डिंग किंवा वडिलांच्या आवाजातील कॅसेट असेल, तर ती संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर अशा बहुतेक सर्व फाईल वाजवते आणि त्याला खाते लागत नाही.

चार, आणि हे मोबाईल दुकानदारांनी नीट वाचावे. गिऱ्हाइकाच्या मेमरी कार्डात पैसे घेऊन गाणी भरून देणे, हक्कदाराची परवानगी नसेल तर गुन्हा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वीस-तीस रुपयांच्या कामासाठी हा धोका पत्करू नये. तसेच स्पॉटिफायसारख्या ॲपची वर्गणी फक्त स्वतःच्या ऐकण्यासाठी असते. हॉटेल किंवा शोरूममध्ये गिऱ्हाइकांसाठी संगीत लावायचे असेल, तर वेगळा परवाना लागतो. त्यासाठी आयपीआरएस, पीपीएल किंवा संबंधित संगीत कंपनीकडे चौकशी करून लेखी कागद घ्यावा.

कॅसेटवाल्याच्या दुकानातला माल दुसऱ्या कोणालाही ठेवता आला, म्हणून ते बंद पडले. गिऱ्हाइकाला ओळखण्याचे त्याचे काम मात्र बंद पडले नाही, ते यंत्राने उचलले. आपल्या कापड, चप्पल, अत्तर वा सुताराच्या दुकानात ते काम अजून आपल्या हाती आहे. कोणते गिऱ्हाईक काय घेते आणि त्यासोबत दुसरे काय घेते, हे एक महिना वहीत लिहून पाहा. अत्तराजवळ सुरमा ठेवायला संगणक लागत नाही.