क्रीचरला कुणी विचारलं?

शाळेच्या ग्रंथालयात मी मुलांना हॅरी पॉटर आवर्जून देते. पण जादूगारांच्या घरी गुलामासारख्या राबणाऱ्या एल्फांचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. मालकाकडून मोजा मिळून डॉबी हा एल्फ सुटतो, सगळे खूश होतात. 2000 साली आलेल्या चौथ्या भागात मात्र हॅरीची मैत्रीण हर्मायनी एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढते, तर तिची टिंगल होते. हॅग्रिडसारखा भला माणूसही सांगतो, सेवेतच त्यांना सुख आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले गुलामांबद्दल हेच म्हणत.

पाचव्या भागात जादू मंत्रालयात सोनेरी पुतळ्यांचं कारंजं आहे : जादूगार स्त्री-पुरुष, आणि त्यांच्याकडे भक्तिभावानं बघणारे सेंटॉर, गॉब्लिन, एल्फ. असाच एक पुतळा खऱ्या जगातही होता : न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासमोर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट घोड्यावर, एक मूलनिवासी आणि एक आफ्रिकी त्याच्या बाजूला पायी. तो पुतळा 2022 मध्ये हलवला.

ते कारंजं खोटं बोलतं, हे हॅरीचा मुख्याध्यापक डम्बलडोरच सांगतो. म्हणजे लेखिका रोलिंग यांना सगळं दिसत होतं! तरी अखेरची लढाई संपल्यावर हॅरीच्या मनात येतं, आपला एल्फ क्रीचर सँडविच आणून देईल का? क्रीचरच्या सुटकेबद्दल अवाक्षर नाही.

पुस्तक मुलांना द्याच. ते पान आलं की त्यांना एवढंच विचारा : क्रीचरला काय हवं होतं?