अजगराचे घरगुती प्रजनन : प्रथम प्रयत्नातील दोन निर्णय

‘अजगर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बकरा गिळणारा’ असा आहे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ हा अजगर मात्र दीड मीटरपलीकडे क्वचितच वाढतो. भय वाटताच डोके आत लपवून तो शरीराचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. युरोप-अमेरिकेत त्याचे घरगुती प्रजनन रूढ आहे.

मादी बहुधा चार ते सहा अंडी घालून त्यांभोवती वेटोळे घालते. ती उबवणपेटीत हलविताना वरची बाजू वरच राहावी, यासाठी पेन्सिलीने खूण करतात. कोंबडीच्या अंड्यात बलकाला तोलून धरणारे तंतू असतात. सापाच्या अंड्यात ते नसतात. गर्भ वरच्या भागी कवचाच्या आतील पडद्याशी जोडला जातो. पुढे अंडे उलटल्यास तो दगावण्याचा संभव असतो. सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सियस उष्णता व पुरेशी आर्द्रता लाभल्यास ५५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात.

तथापि अधिक गंभीर निर्णय त्यापूर्वीचा, जोडी जुळविण्याचा होय. ‘स्पायडर’ या मोहक रंगप्रकाराशी मज्जासंस्थेचा विकार निगडित आहे. अशा सापाची मान डुलते, तोल जातो. हा गुण प्रभावी असल्याने एकाच जनकाकडूनही सुमारे निम्म्या पिलांत उतरू शकतो. उबवणीतील कोणतीही दक्षता तो दूर करू शकत नाही. रंगाचा मोह आवरणे, हाच त्यावरील उपाय.